ताटातून काय काढायचं, ताटात काय वाढायचं

कोणी चुलीपुढे असेल, कोणी गोठ्यात, कोणी शेताच्या बांधावर. जिथून ऐकत असाल तिथून रामराम. आज आपण गरोदर बाईच्या खाण्यापिण्याविषयी बोलणार आहोत. घरात सासूबाई असतील, आत्याबाई असतील, तर त्यांनाही हाक मारून जवळ बसवा. कारण गरोदर सुनेच्या ताटात काय पडायचं, हे आपल्याकडे सहसा ती एकटी ठरवत नाही.

घरात कोणाला दिवस गेले की पहिली गोष्ट कोणती होते? मनाईची यादी सुरू होते. पपई नको, उष्ण पडते. केळं नको, सर्दी होते, आणि जुळं केळं तर मुळीच नको, जुळी होतात. अंडं नको, मटण नको, तेही उष्ण. दही-ताक नको, ते थंड. जांभळं नकोत, बाळ काळं होतं. आणि सातवा-आठवा महिना लागला की सांगायचं, ‘आता हात आखडता घे बाई, मूल मोठं झालं तर बाळंतपण अडेल.’ यादीतलं एकेक वगळत गेलं की मागे काय उरतं? भाकरी, पातळ कालवण आणि चहा. तेही घरातल्या सगळ्यांची जेवणं झाल्यावर, पातेल्यात जे राहील ते.

ही यादी करणाऱ्या बायका वाईट नसतात हो. त्यांच्या सासूनं त्यांना जे सांगितलं, तेच त्या पुढे सांगतात, आणि काळजीपोटी सांगतात. पण आज मला एवढंच सांगायचं आहे की गरोदरपणात खरोखर टाळायच्या गोष्टी थोड्या आहेत. त्या कोणत्या हे मी नीट सांगणार आहे. बाकीच्या लांबलचक यादीनं बाळाचं रक्षण होत नाही, बाई मात्र अर्धपोटी राहते.

अर्धपोटी राहिल्यानं काय होतं ते आधी बघू. २०१९ ते २०२१ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात देशातल्या दर १०० गरोदर बायकांमागे ५२ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. दवाखान्यात बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघतात ना, ते गरोदर बाईचं ११ किंवा त्याहून जास्त असायला हवं. ७ च्या खाली गेलं तर ते धोक्याचं, तिथं घरगुती उपाय करत बसायचं नाही. बाळंतपणात प्रत्येकीच्या अंगावरून रक्त जातंच. अंगात पुरेसं रक्त असेल तर ती बाई ते सोसते. ज्या बाईकडे मुळातच कमी आहे, तिला तेवढंच रक्त गेलं तरी जिवावर बेततं. म्हणून ताटातली अंडी, उसळ, पालेभाजी काढून घेताना आपण काय काढून घेतो आहोत, हे लक्षात घ्या.

आता ‘मूल मोठं झालं तर बाळंतपण अडेल’ या म्हणण्याकडे येऊ. बाळंतपण अडतं ते बाळ आडवं असल्यामुळे, बाईचं कंबरेचं हाड लहान असल्यामुळे, कळा नीट न आल्यामुळे. गरोदरपणी साखर वाढली असेल तर बाळ फार मोठं होऊ शकतं, आणि त्यासाठी दवाखान्यात साखरेची तपासणी करतात. पण उपाशी राहून बाळंतपण सोपं होत नाही. होतं ते एवढंच की बाळ अडीच किलोच्या आत जन्मतं. असं बाळ लवकर गार पडतं, त्याला दूध नीट ओढता येत नाही, ते पटकन आजारी पडतं. आणि आईच्या अंगात कळा द्यायला ताकद राहत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचं वजन सगळ्यात जास्त वाढतं. नेमक्या त्याच वेळी आपण तिला ‘कमी जेव’ म्हणतो.

पपईचं काय, हे मला प्रत्येक गटात विचारलं जातं. यात थोडं खरं आहे आणि थोडं नाही. कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक निघतो. त्या चिकानं गर्भाशय आकुंचन पावतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून कच्ची आणि अर्धी पिकलेली पपई गरोदरपणात नकोच, भाजी करूनही नको. पूर्ण पिकलेल्या पपईत चीक जवळजवळ राहत नाही, आणि त्याच प्रयोगांत पिकलेल्या पपईचा तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा एखादीनं पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या असतील तर घाबरून जायचं कारण नाही. मनाला पटत नसेल तर पपई सोडा, पण मग तिच्या जागी पेरू द्या, आंबा द्या, संत्रं द्या. फळ बंद केलं आणि बदली काही दिलंच नाही, हे चालणार नाही.

केळ्यानं काही होत नाही. दोन केळी एकमेकांना चिकटून उगवली म्हणून पोटात दोन बाळं येत नाहीत. जुळं व्हायचं की नाही, हे दिवस जातात तेव्हाच ठरलेलं असतं. जांभळानं बाळ काळं होत नाही, केशरानं आणि नारळानं गोरं होत नाही. रंग आईबापाकडून येतो. केशरावर पैसे घालण्यापेक्षा त्याच पैशांत महिनाभराची अंडी येतील. दही-ताक चालतं, मात्र ते उकळलेल्या दुधाचं असावं आणि ताकात घातलेलं पाणी स्वच्छ असावं. मेथी, ओवा, हिंग, लसूण हे स्वयंपाकात घालतो तेवढं सगळं चालतं.

आता खरी टाळायची यादी सांगते. बोटं मोजायला घ्या.

पहिलं बोट, तंबाखू. आणि बायांनो, मिश्री म्हणजे तंबाखूच. तो भाजून, कुटून केलेला असतो एवढंच. ‘मी खात नाही, नुसती दाताला लावते’ असं आपण म्हणतो. पण ती हिरडीला लागली की तिच्यातलं विष तिथूनच रक्तात उतरतं. त्यानं बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो. बाळ कमी वजनाचं होतं, दिवस भरायच्या आधी होतं, पोटात दगावूही शकतं. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही सवय आहे मला माहीत आहे. सवय मोडताना चार-सहा दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते. त्या दिवसांत कडुनिंबाची काडी घ्या, तोंडात बडीशेप ठेवा, उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी प्या. घरात दुसरी कोणी मिश्री भाजत असेल तर तिनं गरोदर बाईसमोर भाजू नये, तो धूरही वाईट. गुटखा, मावा, सुपारी, विडी हे याच बोटावर मोजा.

दुसरं बोट, दारू. मोहाची असो, ताडी असो, दुकानातली असो. गरोदरपणात तिचं अमुक इतकं चालतं असं माप नाही. थंडीला किंवा अंगदुखीला म्हणूनही नको.

तिसरं बोट, कच्चं. निरसं दूध, धारोष्ण दूध अंगी लागतं असं आपल्याकडे म्हणतात. पण जनावराला काही रोग असला तर तो निरशा दुधातून थेट माणसाला होतो, आणि त्यातले काही रोग गर्भपात घडवतात. दूध गाईचं असो, म्हशीचं असो की शेळीचं, उकळी आणूनच प्यायचं. अंडं पूर्ण उकडलेलं, दुधात कच्चं फोडून नाही. मटण, कोंबडी, मासे हाडापर्यंत शिजलेले. मोडाच्या मटकीला, मुगाला वाफ द्या. भाज्या-फळं धुऊन घ्या, फवारणीचं औषध आणि माती दोन्ही जातात. याच्याच जोडीला गोठ्यातली एक गोष्ट सांगते. गाईम्हशीनं गाभ टाकला असेल, तर गरोदर बाईनं त्याला, वाराला किंवा तिथल्या घाणीला हात लावायचा नाही. ते काम दुसऱ्यानं करावं, तेही हातात पिशवी किंवा मोजे घालून.

चौथं बोट, पाणी. तुम्ही म्हणाल, पाणी कसं टाळायचं? पाणी टाळायचं नाही, घाण पाणी टाळायचं. दूषित पाण्यातून एक कावीळ पसरते, तिला ई प्रकारची कावीळ म्हणतात. इतर माणसं तिच्यातून बहुधा बरी होतात. गरोदर बाईला मात्र, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, ती जीवघेणी ठरू शकते. २०१२ साली इचलकरंजीत पाण्यातूनच काविळीची मोठी साथ आली होती. म्हणून पावसाळ्यात, नळाला गढूळ पाणी आलं तर, टँकरचं पाणी असेल तर, घरातल्या गरोदर बाईपुरतं तरी पाणी उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर एखाद-दोन मिनिटं ठेवा, झाकून गार करा आणि ओगराळ्यानं काढा. सरपण पुरत नसेल तर आशाताईंकडून क्लोरीनचं औषध घ्या आणि त्या सांगतील तेवढेच थेंब टाका. जत्रेतला बर्फाचा गोळा, उघड्यावरचा उसाचा रस, पाणीपुरीचं पाणी, हे नऊ महिने राहू द्या. उसाच्या रसात वाईट काही नाही, त्यातला बर्फ आणि घाण चरक वाईट.

पाचवं बोट, काढे आणि मनानं घेतलेली औषधं. पोट सुटावं म्हणून, मुलगा व्हावा म्हणून, कोणी पाला देतं, कोणी पुडी देतं, कोणी मुळी देतं. त्यात काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मुलगा किंवा मुलगी होणं औषधानं बदलत नाही. दुकानातून अंगदुखीची गोळी आणणंही तसंच, विचारल्याशिवाय घ्यायची नाही. अळीव रक्त वाढवायला चांगले, पण त्यांचे लाडू बाळंतपणानंतर खा. कलेजी पौष्टिक आहे, तरी पहिल्या तीन महिन्यांत नको आणि पुढेही वारंवार नको, कारण तिच्यातलं अ जीवनसत्त्व फार झालं तर बाळाला बाधतं. कोकणातल्या मैत्रिणींनी मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, त्यांच्यात पारा साठतो. तारली, मांदेली, बांगडा हे पोटभर खावेत.

झाली पाच बोटं. मूठ वळवा, एवढीच यादी.

चहाला मी यादीत घातलं नाही, कारण चहा सोडा म्हटलं तर तुम्ही रेडिओच बंद कराल. पण दोन कपांवर जाऊ नका. आणि जेवणाबरोबर किंवा जेवणाच्या पाठोपाठ चहा नको. अन्नातलं लोह अंगी लागायच्या आत चहा ते अडवतो. जेवण आणि चहा यांत तास-दीड तास जाऊ द्या.

काही बायांना माती खावीशी वाटते. भाजलेली माती, पाटीवरची पेन्सिल, चुलीतली राख, कच्चे तांदूळ. आपण त्याला डोहाळे म्हणतो आणि हसतो. पण बऱ्याचदा ती रक्त कमी असल्याची खूण असते. मातीतून जंत होतात आणि जंत उरलंसुरलं रक्त शोषतात. असं होत असेल तर लाजू नका, नर्सबाईंना सांगा. रक्त तपासतील, चौथ्या महिन्यानंतर जंताची गोळीही देतील.

आता ताटात काय वाढायचं ते बघू. गरोदर बाईनं दोघांचं खायचं असं म्हणतात, म्हणजे दुप्पट खायचं असं नाही. पहिले तीन महिने नेहमीएवढं पुरतं. चौथ्या महिन्यापासून रोजच्यापेक्षा एक भाकरी आणि वाटीभर वरण किंवा उसळ एवढं जास्त लागतं. हे काही फार महाग नाही. एका वेळी जात नसेल तर दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं खा. सुरुवातीला मळमळतं, तेव्हा सकाळी उठल्या उठल्या शिळ्या भाकरीचा कडक भाजलेला तुकडा, फुटाणे किंवा चुरमुरे तोंडात टाका, मग बाकीची कामं.

भाकरी ज्वारीची, बाजरीची असेल तर उत्तम. नाचणी मिळत असेल तर आठवड्यातून दोन-चारदा तिची भाकरी किंवा आंबील करा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि त्यातून बाळाची हाडं बनतात. रोज एक तरी डाळ किंवा कडधान्य हवं. चवळी, मटकी, हरभरा, कुळीथ, जे घरात असेल ते. रोज एक पालेभाजी. शेवग्याचा पाला, लाल माठ, राजगिरा, चाकवत, पावसाळ्यात टाकळा. बांधावर फुकट उगवतं ते शहरात पैसे मोजून घेतात. खाणाऱ्यांनी रोज एक अंडं खावं, जमेल तसं मटण-मासे खावेत. शेंगदाणे, तीळ, फुटाणे ओच्यात बांधून शेतात न्या. आणि जेवताना लिंबू पिळा, आवळा खा, कैरी खा, पेरू खा. आंबटानं लोह अंगात नीट शिरतं. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं असं नाही. रक्त वाढवायला पालेभाजी, कडधान्यं आणि अंडी-मटण बिटापेक्षा बरे. मीठ पिशवीतलं, आयोडीनचं वापरा. खडे मिठात आयोडीन नसतं आणि ते बाळाच्या मेंदूला लागतं.

एवढं खाऊनही गोळ्या घ्याव्याच लागतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ‘गोळीनं बाळ काळं होतं’, ‘गोळीनं बाळ मोठं होतं’ हे दोन्ही खोटं. शी काळी होते, ती होऊ दे, त्यात धोका नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर तासाभरानं, लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहाबरोबर नको, दुधाबरोबरही नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, जेवणासोबत घ्या. लोहाची आणि कॅल्शियमची एकत्र घेतली तर लोह वाया जातं. म्हणून दोघींत दोन तास तरी जाऊ द्या.

उपासाचंही बोलायला हवं. हरतालिका, नवरात्र, चतुर्थी, आणि ग्रहण लागलं की पाण्याचा घोटही नाही. गरोदर बाईनं कोरडा उपास करू नये. ग्रहणात खाल्ल्यानं, पाणी प्यायल्यानं, भाजी चिरल्यानं बाळाला काही होत नाही. उपाशी राहिल्यानं मात्र तिला घेरी येते. पोटातल्या जिवासाठी आजारी आणि गरोदर माणसाला देवाधर्मातही सूट आहे, हे आपल्या आज्याही सांगत आल्या. मन मानत नसेल तर उपासाला नुसता साबुदाणा नको, त्यात भूक भागण्यापलीकडे काही नाही. राजगिरा, शेंगदाणे, दूध, ताक, फळं घ्या.

आणि पाणी कमी पिऊ नका. ऊसतोडीला जाणाऱ्या, रोजानं खुरपायला जाणाऱ्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण लघवीला आडोसा नसतो. त्यानं लघवीची जळजळ होते, ताप येतो, दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात. सोबतच्या बायांनी लुगडं धरून आडोसा करावा. एवढं आपण एकमेकींसाठी करू शकतो.

पायावर, तोंडावर सूज आली तर पाणी तोडायचं नाही आणि घरी बसून मीठही बंद करायचं नाही. पापड, लोणचं, खारं सुकट कमी करा आणि त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या. सूज, डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी हे एकदम आलं तर १०८ किंवा १०२ ला फोन करा. तिथं खाण्याचा उपाय नाही.

आपल्या हक्काचं काय आहे तेही ऐका. अंगणवाडीतून गरोदर बाईच्या नावानं आहार मिळतो. तो घरात आला की पोरांत वाटला जातो, कधी गुरांपुढेही जातो. तो तिचा आहे, तिच्याच पोटात गेला पाहिजे. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचं गरम, पूर्ण जेवण मिळतं, तिथं जाऊन बसून जेवा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत अटींत बसणाऱ्या बाईला पहिल्या खेपेला ५००० रुपये मिळतात, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६०००. ते पैसे खतात आणि उधारीत जाण्याआधी त्यातले थोडे तिच्या अंड्यांना आणि फळांना ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.

मैत्रिणींनो, आपण डोहाळजेवण किती हौसेनं करतो. हिरवी साडी, फुलांची वाडी, पाच पक्वान्नं. जरूर करा. पण ते एका दिवसाचं आहे आणि गरोदरपण २८० दिवसांचं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या वस्तीत आत्ता कोण कोण गरोदर आहे त्यांची नावं घ्या. प्रत्येकीसाठी गटातली एक जण ठरवा. तिनं आठवड्यातून एकदा जाऊन चारच गोष्टी विचारायच्या. गोळी घेतलीस का, आज डाळ-उसळ खाल्लीस का, मिश्री सोडलीस का, आणि जेवलीस कधी, सगळ्यांच्या आधी की सगळ्यांच्या नंतर?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बदलायला पैसा लागत नाही, डॉक्टर लागत नाही. सासूबाई, ते तुमच्याच हातात आहे. आज रात्री भाकरी थापून झाली की पहिलं ताट सुनेचं वाढा आणि तुम्हीही तिच्यासोबत जेवायला बसा.

येते मी. नमस्कार.